सिस्टरसाठी मोबाइल कोर्स: ४५ मिनिटांच्या व्याख्यानांचं काय करू?

कोर्स_आखणी:
नवजात बाळाच्या रिससिटेशनचं (जन्मल्यावर श्वास न घेणाऱ्या बाळाचा श्वास सुरू करण्याचं) प्रशिक्षण मोबाइलवर आणतोय. हाताशी तज्ज्ञांची ४५-४५ मिनिटांची व्याख्यानं आहेत. त्यांचे पाच-पाच मिनिटांचे तुकडे केले तर भागेल? शिकणाऱ्या सगळ्या लेबर रूमच्या सिस्टर, तिन्ही पाळ्यांतल्या.

लेबररूम_इन्चार्ज:
नाही भागणार. तुकडे केले तरी ते व्याख्यानच राहतं. आमच्या सिस्टर मोबाइल उघडतात ते पुढच्या पाळीला ओव्हर देऊन झाल्यावर, नाहीतर रात्री वॉर्ड शांत झाल्यावर. तेव्हा डोकं थकलेलं असतं, ऐकलेलं डोक्यावरून जातं. पण प्रश्न विचारला की त्या जाग्या होतात.

म्हणून सुरुवातच प्रश्नाने करा. "बाळ पुसून कोरडं केलं, पाठ चोळली, तरी श्वास नाही. आता काय कराल?" सक्शन करत (नाका-तोंडातला स्राव ओढत) बसणार, डॉक्टरांची वाट बघणार, की बॅग-मास्क लावणार (तोंडावर मास्क धरून, बॅग दाबून श्वास देणार)? उत्तर दिल्यावरच अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ दाखवा: मान किती मागे, मास्क कडेने गळतोय का, छाती वर येतेय का. कॅमेरा हातांवर हवा. तज्ज्ञांचा चेहरा बघून कुणाला मास्क धरता येत नाही.

आणि तोच प्रश्न काही दिवसांनी, मग काही आठवड्यांनी, थोडा बदलून परत यायलाच हवा. शिकलेलं किती झपाट्याने विसरतं ते मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसने १८८५ मध्येच दाखवलंय, तरी आपण एकदा शिकवून सर्टिफिकेट देऊन मोकळे होतो.

ॲप_बांधणारा:
माझ्याकडून दोनच गोष्टी. कोर्स एकदा उतरवला की नेटशिवाय चालावा आणि मध्येच हाक आली तर जिथे सोडला तिथूनच उघडावा. व्हिडिओ आवाजाशिवायही कळायला हवा, ड्युटीवर कानात इअरफोन घालता येत नाही.

कोर्स_आखणी:
इन्चार्ज ताई, मग बाळ समोर असताना झटकन बघता येईल असंही एक पान ठेवू का?

लेबररूम_इन्चार्ज:
त्या वेळी नको. श्वास न घेणाऱ्या बाळाला पहिल्या मिनिटाच्या आत बॅगिंग सुरू व्हायला हवं. दोन्ही हात गुंतलेले, ग्लोव्हज घातलेले. तिथे वॉर्मरजवळ (बाळाला ऊब देणाऱ्या टेबलाजवळ) भिंतीवर मोठ्या अक्षरांतला तक्ताच उपयोगी. औषधांच्या डोसचं पान जरूर ठेवा, पण वेगळं, आणि शेवटचं कधी तपासलं ती तारीख त्यावर ठळक लिहा.

मोबाइलचा खरा उपयोग सरावाला करून घ्या. ॲपने आठवण द्यावी, "आज सरावाच्या पुतळ्यावर दोन मिनिटं बॅगिंग करा." फोन बाजूला ठेवायचा, तो मिनिटाला ४० चा ठोका देईल, त्या तालावर बॅग दाबायची. असा सराव पाळी संपायच्या आत सहज होतो.

अजून एक, हे मी फार कळकळीने सांगतेय: रोजच्या प्रश्नांचे मार्क मेट्रनकडे (मुख्य सिस्टरकडे) पाठवू नका. पाठवलेत तर सकाळी उत्तरांचे स्क्रीनशॉट ग्रुपवर येतील, आणि कुणाचं कुठे अडतंय ते तुम्हाला कधीच कळणार नाही. चुकीची उत्तरं नावाशिवाय माझ्यासारखीला दाखवा. कुठल्या पायरीवर जास्त जणी अडल्या ते बघून मी त्याच आठवड्यात पुतळा घेऊन बसेन.

कोर्स_आखणी:
नावं काढून टाकते. पहिले दहा प्रश्न लिहून झाले की इथेच टाकते, पर्याय खऱ्या लेबर रूममधले वाटतात का ते सांगा.