आहार बदलल्यापासून आईला बद्धकोष्ठता – मदत हवी आहे

आईची शुगर वाढल्यामुळे भात-पोळी कमी करून ज्वारी-बाजरीची भाकरी, मोडाची उसळ, कोशिंबीर सुरू केली. शुगर उतरली, पण पोट साफ होईना. कुंथावं लागतं, पोट फुगतं, जेवायचीच धास्ती घेतलीय तिने.

फायबर वाढलं की पाणीही वाढवावं लागतं, नाहीतर मल आणखी घट्ट होतो. पण गुडघे दुखतात, सारखं उठावं लागतं म्हणून ती पाणीच टाळते. कॅल्शियमची गोळीही चालू आहे, त्यानेही असं होतं ना? डॉक्टरांना विचारणारच आहे.

मधुमेहात मनुका-अंजीर देववत नाहीत. इसबगोल रोज चालतं का? कच्च्याऐवजी शिजवलेल्या भाज्यांनी कुणाला फरक पडला का? आणि ज्येष्ठांना पाणी प्यायला कसं लावता? कृपया अनुभव सांगा.