मदत हवी आहे : सरासरी लिहू की मध्यक? आणि काय-स्क्वेअरचं काय करू?

नमस्कार. सोलापुरात एम.ए. समाजशास्त्र करतेय. बारावीला गणित नव्हतं, त्यामुळे चुकलं तर हसा, पण सांगा.

प्रबंधासाठी पूर्व भागातल्या ६० विडी कामगार बायकांकडून प्रश्नावली भरून घेतली. (निम्म्या मुलाखती तेलुगूत. शेजारच्या अक्का सोबत आल्या म्हणून निभावलं, नाहीतर माझं काही खरं नव्हतं.)

एका बोळातल्या पाच घरांचं महिन्याचं उत्पन्न बघा: ९, १०, १०, ११ आणि ४० हजार. शेवटच्या घरातला मुलगा पुण्याला आयटीत आहे. सरासरी येते १६ हजार, आणि तेवढं उत्पन्न त्या बोळात कुणाचंच नाही! मध्यक, म्हणजे उत्पन्नं क्रमाने लावली की बरोबर मधलं, १० हजार. मला तोच खरा वाटतो. पण सर म्हणतात, प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती पसरलेत ते) द्यायचं तर सरासरी हवीच. मध्यकासोबत चतुर्थक (क्रमाने लावलेल्या आकड्यांचे चार सारखे भाग पाडणारे आकडे) दिले तर चालतील का?

खरी अडचण पुढेच आहे. शिक्षण आणि 'मुलीनं विड्या वळाव्यात का' या प्रश्नाचं उत्तर, यांचा संबंध काय-स्क्वेअरने (संबंध खरा की नुसता योगायोग, हे बघणारी चाचणी) तपासला. शिक्षणाचे चार गट, उत्तरं तीन, म्हणजे चाचणीला लागणारी स्वातंत्र्य मात्रा (४-१) × (३-१) = ६. पण दहावीच्या पुढे शिकलेल्या बायका मोजून चार. त्या ओळीत अपेक्षित वारंवारता (संबंध नसता तर त्या खान्यात किती बायका आल्या असत्या तो आकडा) सगळीकडे ५ च्या खाली, आणि मग काय-स्क्वेअरवर भरवसा ठेवता येत नाही म्हणे. गट एकत्र करू, की फिशरची चाचणी (लहान आकड्यांवरही चालणारी) लावू?

आणि हो, या बायका ओळखीतून मिळाल्या, चिठ्ठ्या टाकून नाही. मग पी-मूल्य (संबंध नसतानाही निव्वळ योगायोगाने असा किंवा याहून ठळक निकाल येण्याची शक्यता) लिहिण्यात अर्थ आहे का, की नुसती टक्केवारी देऊन मोकळी होऊ?

एसपीएसएस (संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर) नाही, एक्सेल आहे. सोमवारी सरांना दाखवायचंय.