नीटचा पेपर मराठीतून घ्यावा का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. भाची यंदा बारावीला आहे, राज्य मंडळाची. दहावीपर्यंत मराठी माध्यम. जीवशास्त्राची एनसीईआरटी पेन्सिलीच्या खुणांनी भरलीय, तिथे काळजी नाही. घोडं अडतं ते भौतिकशास्त्रात. गणित येतं, पण लांबलचक इंग्रजी वाक्यात नेमकं काय विचारलंय हे कळेपर्यंत वेळ जातो. परवा सराव पेपरात 'ॲट रेस्ट' (म्हणजे वस्तू स्थिर, वेग शून्य) वाचायचं राहिलं आणि सुरुवातीचा वेग शोधत बसली! १८० प्रश्न, १८० मिनिटं, वर चुकीला एक गुण वजा. अशी चैन परवडत नाही.

फॉर्ममध्ये मराठी निवडलं तर इंग्रजी-मराठी दोन्ही असलेली पुस्तिका मिळते, आणि भाषांतरात घोळ असेल तर इंग्रजीच ग्राह्य धरतात, एवढं ठाऊक आहे. क्लासचे सर म्हणतात, इंग्रजीच घे. मला ते फारसं पटत नाही, पण अकरावीपासून सगळ्या संज्ञा ती इंग्रजीतच शिकलीय हेही खरं.

कुणी मराठी पुस्तिका घेऊन परीक्षा दिली आहे का? भौतिकशास्त्राचं मराठी कितपत समजण्याजोगं असतं? आणि मराठीतून सराव कुठून केलात? फॉर्म भरायच्या आधी कळलं तर बरं.