स्कीन्सला पहिल्या फेरीत का घ्यायचं: पायरेट्स 2026 आणि आपला ड्राफ्ट

तीन_नद्यांकाठची

परवा जर्सीकर यांनी आपल्या फँटसी बेसबॉल लीगच्या ड्राफ्टसाठी (म्हणजे खरे खेळाडू आळीपाळीने आपापल्या कागदी संघात घेण्यासाठी) सल्ला दिला. पायरेट्स हा पिट्सबर्गचा संघ आणि स्कीन्स त्यांचा पिचर. टोचलेलं वाक्य जसंच्या तसं देते: "पायरेट्सच्या नादी लागू नका, यंदाही तळालाच. स्कीन्सही पहिल्या फेरीत नको. ज्याच्यासाठी संघ धावाच काढत नाही, तो विजय कुठून आणणार?"

मी पिट्सबर्गात 19 वर्षं राहते. हा संघ हरताना मी तुमच्यापेक्षा जास्त वेळा पाहिलाय, म्हणून भाबडी आशा म्हणून हे उडवून लावू नका.

आधी स्कीन्स. 2025 मध्ये 216 स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले फलंदाज), ईआरए (नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावरचे रन) 1.97, व्हिप (इनिंगमागे दिलेल्या हिट आणि वॉक) 0.95, आणि एकमताने साय यंग, म्हणजे सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार. विजय 10, पराभव 10. म्हणजे पिचिंगच्या ज्या पाच रकान्यांवर आपले गुण ठरतात, त्यांतले तीन तो एकटा उचलतो आणि एका रकान्यात मधे राहतो. सेव्ह (शेवटी येऊन आघाडी राखणं) तर कुठलाच स्टार्टर, म्हणजे सामना सुरू करणारा पिचर, देत नाही. मे महिन्यात फिलाडेल्फियाविरुद्ध त्याने 8 इनिंग टाकल्या, 3 हिट दिल्या, एकच रन दिला आणि सामना 1-0 ने गेला. तो सामना बघून मी जेवले नाही. पण त्यात त्याचा काय दोष, आणि त्याची किंमत तुम्ही का कमी करता?

आता धावा. गेल्या वर्षी 583 रन आणि 117 होमरन, दोन्हींत तीसही संघांत शेवटचे. हे मान्य. पण यंदा ब्रँडन लाऊ आलाय, गेल्या वर्षी 31 होमरन मारलेला. रायन ओहर्नला 2 वर्षांचा करार दिला, मार्सेल ओझुनाला एका वर्षाचा. लाऊ आणि ओहर्न दोघे डावखुरे. डावखुऱ्यांचे लांब फटके उजवीकडे जातात. आपल्या मैदानाची, पीएनसी पार्कची, उजवी भिंत 21 फूट उंच आहे खरी, पण कोपऱ्यात अंतर 320 फूटच. तुमच्या डोक्यात अजून 2025 ची लाइनअप आहे. ओझुनाबद्दल मात्र जपून. तो उजवा, आणि डावीकडच्या मध्याला भिंतीची खाच 410 फुटांपर्यंत जाते.

आपल्या क्रूझचं सांगते. गेल्या वर्षी 20 होमरन, 38 स्टील (चोरून गाठलेले बेस), सरासरी .200. स्टील हवे असतील तर घ्या, पण सरासरी सांभाळणारे दोन जण आधीच गाठीशी हवेत. पिचर बबा चँडलर उशिराच्या फेऱ्यांत नक्की घ्या.

जर्सीकर

ताई, तुमचा संघाबद्दलचा जिव्हाळा कळतो, पण लीग जिव्हाळ्यावर जिंकता येत नाही. गेल्या वर्षी 71 विजय, 91 पराभव. प्लेऑफ शेवटचा 2015 साली. गेल्या वर्षी 38 सामन्यांत 26 हरल्यावर मॅनेजर शेल्टनला काढलं आणि त्याच्या जागी केलीला आणलं, तरी शेवट तळालाच झाला. ओझुना पस्तिशीचा, लाऊला दुखापतींचा इतिहास.

आणि पहिल्या फेरीत पिचर घेणं म्हणजे मातीच्या घटावर संसार मांडणं. तुमच्याच संघाचा पिचर जॅरेड जोन्स बघा. 2024 ला सगळे त्याच्यामागे धावले, 2025 ला कोपराची शस्त्रक्रिया, अख्खा मोसम गेला. मी तीन वर्षांपूर्वी असाच एक पिचर पहिल्या फेरीत घेतला होता. एप्रिलमध्येच त्याचा हात गेला आणि मी बारा जणांत अकरावा आलो. तेव्हापासून पहिल्या चार फेऱ्या फक्त हिटर. हा माझा अनुभव आहे, पुस्तकातलं नाही.

वऱ्हाडी_मंडळ

तुमचं चालू द्या, पण मला एक विचारायचं आहे. ही फँटसी म्हणजे सट्टाच ना? 20 डॉलर वर्गणी, जिंकणाऱ्याला सगळे. भारतात ऑगस्ट 2025 मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर कायद्यानेच बंदी आली, ती उगाच नाही. माझ्या चुलतभावाने अकोल्यात अशाच एका अ‍ॅपवर क्रिकेटच्या टीम लावून लावून सव्वादोन लाख घालवले. बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेले होते. काकांना कळलं तेव्हा घरात आठ दिवस कोणी कोणाशी बोललं नाही. आणि इथे शिकलीसवरलेली माणसं साय यंग न् व्हिपच्या गप्पा मारत तेच करतात.

कट्टेकरी_कोथरूड

वऱ्हाडी, तुमच्या घरी जे झालं ते वाईटच. पण दोन्ही एकाच तराजूत तोलू नका. तिथे रोज नवा सामना, रोज नवे पैसे, हरलेले भरून काढायला अजून पैसे. इथे मार्चमध्ये एकदा वर्गणी, मग सहा महिने फक्त डोकेफोड. न्यूयॉर्कमध्ये 1980 च्या सुमाराला मित्रांच्या एका टोळक्याने हा खेळ काढला आणि ज्या उपाहारगृहात ते जेवायला जमत त्यावरून रोटिसरी नाव पडलं. मुळात हा घरगुती खेळ आहे.

मी कोथरूडमध्ये बसून बेसबॉल का बघतो? 2008 साली पायरेट्सने रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशातल्या दोन पोरांना करारबद्ध केलं. दोघे भालाफेकवाले, चेंडूफेकीच्या स्पर्धेतून निवडलेले. पेपरात बातमी वाचली आणि गुंतलो. ते मोठ्या लीगपर्यंत पोचले नाहीत, मी मात्र राहिलो. पहाटे साडेचारला उठून सामने बघतो. त्याला कोणी सट्टेबाज म्हटलं की डोकं फिरतं.

वऱ्हाडी_मंडळ

डोकं फिरू द्या. माझ्या भावानेही "अभ्यास करून लावतो" हेच सांगितलं होतं. आणि तुमच्या पायरेट्सचंच उदाहरण घ्या. टुकुपिटा मार्कानो. जखमी यादीत असताना स्वतःच्या संघाच्या सामन्यांवर पैज लावली, जून 2024 मध्ये आजन्म बंदी. ज्याला खेळून पगार मिळतो त्यालाही मोह आवरला नाही, तर तुम्ही कोण मोठे लागून गेलात?

कट्टेकरी_कोथरूड

हे वैयक्तिक होतंय. मी 20 डॉलर भरतो, 20 हजार नाही. तुम्ही आमच्या लीगमध्ये नाही, खेळ बघत नाही, आणि येऊन नीती शिकवता. उंटावरून शेळ्या हाकणं बंद करा.

तीन_नद्यांकाठची

दोघांनी जरा दमानं घ्या. वऱ्हाडी, मार्कानोचं उदाहरण खरं आहे आणि आम्हा पिट्सबर्गकरांना ते अजून लागतं. पण त्याने पैज लावली ती सट्ट्याच्या खात्यावर. आमच्या वर्गणीतून दर वर्षी एका घरी जेवण होतं, गेल्या वर्षी माझ्याकडे मिसळ झाली. तरी तुमच्या काकांच्या घरातले ते आठ दिवस माझ्या डोक्यातून जात नाहीत. वर्गणी हवीच का, हे आपण ठरवायला हवं. एवढं मी मानते.

जर्सीकर, कोपराचा धोका खरा. पण मग हिटर जखमी होत नाहीत का?

स्टेडियमचा_जिना

सगळे फँटसीवर भांडताय, मूळ दुखणं मालकांचं आहे. नटिंग 2007 पासून मुख्य मालक. तेव्हापासून 2013, 14, 15 एवढेच तीन प्लेऑफ. पिचर कोल गेला, ग्लासनो गेला. एका आर्चरसाठी ग्लासनो, मेडोज आणि बाझ, तिघांना दुसऱ्या संघाला दिलं, तो व्यवहार आठवला की आजही पोटात कालवतं. पैसे नाहीत म्हणतात. मिलवॉकी काय मोठं शहर आहे? त्यांनी गेल्या वर्षी 97 सामने जिंकले, आपल्याच डिव्हिजनमध्ये.

आणि 2025 च्या सुरुवातीला उजव्या भिंतीवरची क्लेमेंटेच्या जर्सी नंबरची, 21 ची, खूण काढून तिथे दारूची जाहिरात लावली. क्लेमेंटे! पायरेट्सचा महान खेळाडू, भूकंपग्रस्तांना मदत घेऊन जाताना 31 डिसेंबर 1972 ला विमान कोसळून गेलेला माणूस. लोक संतापले तेव्हा खूण परत लावली. ज्यांना हे आधी कळलं नाही, त्यांच्यावर मी तीन नवे हिटर घेतले म्हणून विश्वास ठेवू? ओझुना एका वर्षाने जाईल. स्कीन्स 2029 नंतर दुसऱ्या संघात जायला मोकळा, आणि त्याआधीच त्याला विकतील. लिहून ठेवा.

तीन_नद्यांकाठची

जिना, त्या खुणेबद्दल तुमच्याइतकंच मलाही लागलं. माझ्या मुलाने शाळेत क्लेमेंटेवर भाषण केलं होतं, त्याला काय सांगायचं कळेना. मालकांबद्दल माझं तुमच्याशी भांडण नाहीच. पण 2029 ची भीती 2026 च्या ड्राफ्टमध्ये आणू नका. यंदा तो आपल्याच माउंडवर आहे, मेअखेर 24 पूर्ण करेल, आणि केलर, चँडलर यांच्यासकट हे पिचिंग डिव्हिजनमध्ये कोणालाही पुरून उरेल.

जर्सीकर

मिलवॉकीचा मुद्दा मात्र ताईंच्याच बाजूने जातो. पैसे नसतानाही पिचिंगवर 97 जिंकता येतात हे मी विसरलो होतो. बरं, पायरेट्स तळाला राहतील हे मागे घेतो. चौथे. त्याहून वर नाही.

पायरेट्सच्या तरुण ग्रिफिनचं कोणी बोललं नाही. गेल्या वर्षी मायनरमध्ये (मोठ्या लीगच्या खालच्या लीगांत) सरासरी .333, 21 होमरन, 65 स्टील, आणि अजून विशीचाही नाही. उद्घाटनाच्या सामन्यात उतरवतील असं धरून घ्यायचं का?

कट्टेकरी_कोथरूड

शेवटच्या तीन फेऱ्यांत घ्या आणि बाकावर ठेवा. विशी पूर्ण व्हायला एप्रिलची अखेर आहे. डबल-एमध्ये, म्हणजे मोठ्या लीगच्या दोन पायऱ्या खाली, तो थोडेच सामने खेळलाय. घाईने आणून पोरगं बिघडवलं तर मला फँटसीपेक्षा जास्त दुःख होईल.

वऱ्हाडी, उंटावरच्या शेळ्या मागे घेतो. रागात लिहिलं. तुमचा भाऊ आता कसा आहे?

वऱ्हाडी_मंडळ

दोन वर्षं झाली, फोनमधून सगळं काढलं. बहिणीचं लग्न झालं, काकांनी वावर गहाण टाकून केलं. तो आता शेतावरच असतो, क्रिकेट लावलं की उठून बाहेर जातो. मी तुम्हाला सट्टेबाज म्हटलं ते जास्त झालं. पण पैसे काढा त्यातून, एवढंच म्हणणं.

तीन_नद्यांकाठची

मग मांडतेच. यंदा वर्गणी शून्य. जेवण ज्याच्या त्याच्या डब्यातून, जो शेवटचा येईल त्याच्या घरी. ज्यांचं नाही असेल त्यांनी शनिवारपर्यंत सांगा.

जर्सीकर

माझं नाही. 20 डॉलर नसले तर जुलैत अर्धे लोक लाइनअप लावायचं सोडतात, दोनदा बघितलंय. पण बहुमत असेल तर भांडणार नाही. ड्राफ्टमध्ये माझा सातवा नंबर. स्कीन्स तोवर उरला तर घेईन, हिटरचा नियम मोडून.

तीन_नद्यांकाठची

पाचवा नंबर माझा आहे.