ग्रास कटरच्या क्रँककेसला (इंजिनचा क्रँक बसतो ती दोन भागांची पेटी) पॅकिंग न लावता नुसतं सोल्युशन (जोड सील करायची पेस्ट) चालेल का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

राजापूरकडे आंब्याची बाग आहे. गवत कमरेला लागलंय आणि 52 सीसीचा टू-स्ट्रोक ग्रास कटर पडवीत खोलून पडलाय.

मशीन थंड असताना ठीक चालायचं. तापलं की रेस आपोआप चढायची, ट्रिगर सोडला तरी उतरायची नाही. प्लग पांढराफटक. कार्बोरेटर साफ करून फरक शून्य. चालू मशीनवर क्रँककेसच्या जोडावर क्लीनरचा फवारा मारला तर लगेच आवाज बदलला, म्हणजे तिथूनच हवा खेचतंय. म्हणून दोन्ही ऑइल सील आणि बेअरिंगं नवी आणून केस खोलली.

खोलताना मधल्या कागदी पॅकिंगचे तुकडे झाले. दुकानदार म्हणतो, "या मॉडेलचं पॅकिंग सुटं येत नाही, सिलिकॉन मारा, सगळे तेच करतात." सगळे करतात हे मला कारण वाटत नाही. शिवाय पॅकिंगशिवाय दोन्ही भाग जुळवून स्क्रू आवळून पाहिले, तर क्रँक हाताला जड लागतो. जुना तुकडा व्हर्नियरवर 0.4 मिमी भरला.

तर नुसत्या सोल्युशनवर भागेल की पॅकिंग कापून घेऊ? आणि घरात लाल सिलिकॉनची ट्यूब आहे, ती चालेल का?

प्रतिसाद १
आमच्याकडे लालच मारतात. काही होत नाही. बिनधास्त मारा.

प्रतिसाद २
वरचं ऐकू नका दादा. साधं लाल सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगतं, मऊ पडतं आणि सुटून आत जातं. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-ऑइलचं मिश्रण क्रँककेसमधूनच वर जातं, त्यामुळे ट्यूबवर पेट्रोलला चालेल असं छापलेलंच घ्या.

क्रँक जड लागतोय यातच तुमचं उत्तर आहे. त्या कागदाच्या जाडीवर क्रँकचा आडवा प्ले, म्हणजे बाजूला सरकायची मोकळीक, ठरतो. सोल्युशन आवळल्यावर जवळपास सगळं बाहेर येतं, ती जाडी भरून निघत नाही. 0.4 चाच पॅकिंग पेपर आणा, केसवर धरून कडेकडेने हलक्या हातोडीने ठोका, आकार आपोआप कापला जातो.

जुना कागद खरवडायला स्क्रूड्रायव्हर नको, ॲल्युमिनियमला चरे पडतात. प्लॅस्टिकची पट्टी घ्या, मग थिनरने पुसा. सोल्युशन कागदाच्या दोन्ही बाजूंना बोटाने पुसल्याइतकंच. जास्त झालं तर आत गोळे होऊन बेअरिंगमध्ये जातात. स्क्रू आमनेसामने, थोडे थोडे आवळा. आवळल्यावरही क्रँक जड वाटला तर दोन्ही टोकांना प्लॅस्टिकच्या हातोडीने एक-एक टिचकी द्या, बेअरिंगं जागेवर बसतात.

सिलिंडर बसतो तिथे कागद वर डोकावतो, तो ब्लेडने सपाट कापा. हे विसरलात तर खालून परत हवा खेचेल. रात्रभर हात लावू नका.

धागाकर्ता
मनापासून आभार. लाल ट्यूब आता पाण्याच्या टाकीला. मशीन पुरतं जोडण्याआधी लीक तपासायला काही घरगुती उपाय?

प्रतिसाद २
बीपी मोजायच्या जुन्या यंत्राचा हवा भरायचा फुगा आणि दाब दाखवणारं काट्याचं घड्याळ घ्या. सिलिंडर बसवून इनलेट आणि एक्झॉस्ट रबर-पट्टीने बंद करा, प्लगच्या भोकातून घड्याळाच्या काट्यावर 300 (मिमी पारा) पर्यंत हवा भरा. जास्त नको, सील उलटतील. काटा उतरला तर जोडावर साबणाचं पाणी लावा आणि सीलही बघा, नवीन आहेत म्हणून सोडू नका.