किशोरवयीन मुलांबरोबर थीम पार्कची सहल : सातारा-सांगलीकरांचे अनुभव

सातारा, शाहूपुरी

मुले लहान होती तोवर सुट्टीचा बेत आम्ही दोघे ठरवत होतो. मुलगी दहावीत आणि मुलगा आठवीत गेल्यावर ते चालेनासे झाले. गेल्या वर्षी परीक्षा संपल्यावर आम्ही महाबळेश्वरचे नाव काढताच दोघेही म्हणाले, "तिथे तर पाहुणे आले की जातोच," आणि त्यांनी खोपोलीजवळच्या इमॅजिका या थीम पार्कचा आग्रह धरला. माझ्या यजमानांनी वाद न घालता त्यांच्यापुढे एक वही ठेवली आणि सांगितले, की चौघांचा सगळा खर्च 15,000 रुपयांत बसवायचा. कसा, ते तुम्ही ठरवा.

त्या वहीमुळे मला मुलगी नव्याने कळली. मुलांचे तिकीट तिथे वयावर नव्हे, तर उंचीवर ठरते आणि आपल्या घरी आता सवलतीत बसणारे कोणीच उरलेले नाही, हे तिने पहिल्याच दिवशी शोधून काढले. शनिवार-रविवारपेक्षा मधल्या वारांचे तिकीट स्वस्त असल्याचे पाहून तिने बुधवार निवडला. एका दिवसात थीम पार्क आणि वॉटर पार्क दोन्ही धड होणार नाहीत म्हणून वॉटर पार्क वगळले. त्यावर भाऊ दोन दिवस रुसला होता. पहाटे निघून खंबाटकी घाट आणि पुण्याची वाहतूक पार करत तिथे पोहोचेपर्यंत सगळे दमतील, हे लक्षात घेऊन तिने आदल्या संध्याकाळी पिंपरीला मामाकडे मुक्काम धरला. मी हा बेत आखला असता तर मुक्कामाचा विचार केला असता, पण वारानुसार तिकिटांचे दर तपासले नसते.

वयात आलेल्या मुलांबरोबर अशी सहल कशी आखली, काय आधी ठरवायला हवे होते, हे आपल्या भागातील पालकांनी आणि जमल्यास मुलांनीही सविस्तर लिहावे, ही विनंती.

सांगली, विश्रामबाग

ताईंनी वही मुलांच्या हाती दिली हे वाचून आनंद झाला. मी विज्ञान शिकवतो. आमच्या पिढीला थीम पार्क म्हणजे एस्सेलवर्ल्ड. 1989 साली सुरू झालेले गोराईचे ते उद्यान गाठायला बोटीने खाडी ओलांडावी लागे आणि आमच्या शाळेच्या सहलीत मुलांना तो बोटीचा प्रवासच जास्त आवडला होता. माझ्या मुलीला मात्र केवळ मजेसाठी एवढे पैसे खर्च करणे पटत नव्हते. ती नववीत होती आणि 'कार्य आणि ऊर्जा' हा पाठ नुकताच झाला होता. मी तिला एवढेच सांगितले, की इमॅजिकाच्या नायट्रो या रोलर कोस्टरची उंची 132 फूट, म्हणजे साधारण 40 मीटर आहे. खाली येताना वेग किती होईल ते काढ. स्थितिज ऊर्जा आणि गतिज ऊर्जा समान मानल्यावर वस्तुमान दोन्हीकडून जाते, हे पाहून तिला आश्चर्य वाटले, कारण भरलेली गाडी जास्त वेगाने येईल असे तिने गृहीत धरले होते. उत्तर सेकंदाला 28 मीटर, म्हणजे ताशी सुमारे 100 किलोमीटर आले. जाहीर केलेला वेग ताशी 105 किलोमीटर आहे. हा फरक का, यावर आम्ही पूर्ण एक रविवार घालवला आणि गाडीला वर ओढून नेणारी साखळी तिला शिखरावर सोडते तेव्हा तिला थोडा वेग आधीच असतो, पण घर्षण त्याच्या उलट काम करते, इथपर्यंत पोहोचलो. तिथे गेल्यावर ती मुद्दाम दोनदा रांगेत उभी राहिली, एकदा पुढच्या आणि एकदा मागच्या आसनासाठी. मागचे आसन शिखर ओलांडते तेव्हा गाडीचा पुढचा भाग उतारावर वेग घेत असतो, त्यामुळे मागे बसणारा अक्षरशः ओढला जातो आणि अंग हलके झाल्याची जाणीव तिथे अधिक होते, हे तिने मला समजावून सांगितले.

दुसऱ्या वर्षी तिने बंगळूरचे वंडरला निवडले. मिरजमार्गे जाणाऱ्या राणी चेन्नम्मा एक्सप्रेसने रात्रभराचा प्रवास होतो आणि हे उद्यान म्हैसूर रस्त्यावर बिडदीजवळ आहे. सांगलीकरांना पुण्यापलीकडच्या रस्त्याच्या दगदगीपेक्षा ही रेल्वे सोयीची वाटेल. मात्र सुट्टीतले आरक्षण फार आधी करावे लागते.

कराड

मुली असलेल्या घरांसाठी स्पष्ट लिहिते. आम्ही वॉटर पार्कची आगाऊ तिकिटे काढली आणि नेमक्या त्याच दिवशी तेरा वर्षांच्या मुलीची पाळी आली. वडील आणि चुलतभाऊ बरोबर असल्यामुळे ती कोणाला सांगेना. सकाळभर ती बाकावर बसून राहिली आणि सगळे तिला "चल ना, पाण्यात ये" म्हणत राहिले. मला कळले तेव्हा दुपार झाली होती. त्या दिवसाची खंत मला आजही आहे. या वयात पाळी अनियमित असते, त्यामुळे तारीख मोजून बेत करणे नेहमी साधत नाही. आता आम्ही आधीच बोलून ठेवतो : पाण्याचे आणि कोरड्या राइडचे असे दोन्ही पर्याय असलेले ठिकाण निवडायचे, तारीख बदलता येणारे तिकीट मिळाले तर तेच घ्यायचे आणि घरातल्या पुरुषांनाही कारण माहीत असायचे, म्हणजे तिला आग्रह होत नाही. वडिलांशी हे बोलायला मुलीला जड जाईल असे मला वाटत होते. प्रत्यक्षात पुढच्या वेळी त्यांनीच तिला बाजूला घेऊन विचारले.

पाण्यात सुती कपडे चालत नाहीत, नायलॉन किंवा लायक्रा लागते. या वयाच्या मुलींना अंगाला चिकटणारे भाड्याचे कपडे नकोसे वाटतात. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा वेश घरूनच निवडून नेला, की ती अडचण राहत नाही.

तासगाव

आमची द्राक्षबाग आहे. दिवाळीच्या सुट्टीत ऑक्टोबर छाटणीनंतरची कामे आणि फवारण्या असतात, पुढे माल काढण्याची घाई आणि एप्रिलमध्ये खरड छाटणी. शाळेची सुट्टी आणि बागेची सवड कधी जुळतच नाही, म्हणून मुलगा बारावीत जाईपर्यंत आम्ही कुठे गेलो नव्हतो. शेवटी ऑगस्टमधल्या एका मंगळवारी गेलो. रांगा जवळपास नव्हत्याच, पण विजा चमकू लागल्यावर मोकळ्यावरच्या उंच राइड दीड-दोन तास थांबवल्या. ते योग्यच होते, परंतु मुलाचा चेहरा पाहवत नव्हता. पावसाळ्यात जाणाऱ्यांनी आल्या आल्या उघड्यावरच्या मोठ्या राइड उरकाव्यात आणि छताखालच्या दुपारसाठी राखाव्यात. मुलाला कॉलेज बुडवू दिले यावर भावकीत बोलणी झाली. मी ऐकून घेतली, कारण त्याच्याबरोबर सबंध दिवस मोकळा असा मी त्याआधी कधी घालवला नव्हता.

मिरज

माझा चौदा वर्षांचा मुलगा उंचीला घाबरतो आणि हे आम्हाला तिथे पोहोचेपर्यंत माहीत नव्हते, कारण घरी तोच सगळ्यांत उत्साही होता. मावसभावांच्या देखत त्याने रांगेत पाऊण तास काढला आणि आसनाजवळ जाऊन परत फिरला. भावांनी दिवसभर चिडवले आणि आम्ही मोठ्यांनीही, "अरे, एवढ्या लहान मुली बसतात," असे म्हटले, जे म्हणायला नको होते. गाडीत तो सांगलीचा फलक येईपर्यंत एक शब्द बोलला नाही. आता निघण्यापूर्वी आम्ही सगळे मिळून प्रत्येक राइडचा व्हिडिओ पाहतो आणि प्रत्येकाने आपल्या नापसंतीच्या राइड कागदावर लिहायच्या, त्यावर कोणी प्रश्न विचारायचा नाही, असे ठरवले आहे. माझ्या मानेचा त्रास असल्याने मीही माझी यादी लिहिते आणि ती त्याच्या यादीपेक्षा लांब असते.

उंचीचीही गोष्ट आहे. खांद्यावरून येणारा लोखंडी अडसर ठरावीक बांध्याच्या माणसासाठी बनवलेला असतो, म्हणून उंचीची अट एका बोटाने कमी पडली तरी सोडत नाहीत. धाकट्या भाचीला सर्वांसमोर मोजून बाजूला काढले, तेव्हा ती रडली. दाराच्या चौकटीशी उभे करून घरीच मोजावे.

वाई

मी सतरा वर्षांचा आहे. आईने हे वाचायला दिले म्हणून लिहितो. आम्हाला मोठ्यांपासून लांब राहायचे नसते, पण दर दहा मिनिटांनी फोन आला तर आपल्यावर विश्वास नाही असे वाटते. मोठ्या राइडवर फोन नेऊ देत नाहीत, तो लॉकरमध्ये असतो, आणि उचलला नाही म्हणून घरचे घाबरतात. आमच्याकडे बाबांनी भेटण्याच्या तीन वेळा ठरवून दिल्या : साडेबारा, चार आणि निघताना सात. जागा प्रवेशद्वाराजवळची. मधल्या वेळेत मी आणि बहीण दोघेच फिरलो. साडेबाराला आम्ही पाच मिनिटे आधी पोहोचलो. चारला आम्हीच बाबांना ओढून इमॅजिकाच्या डीप स्पेस या अंधारातल्या रोलर कोस्टरला नेले, कारण पुढचे वळण दिसतच नसल्यामुळे घाबरायला वेळ मिळत नाही, असे बहिणीने त्यांना पटवले होते. बाहेर आल्यावर ते थोडा वेळ कठड्याला धरून उभे राहिले आणि मग म्हणाले, की रांग लहान असेल तर अजून एकदा बसू.