टाइमशेअर म्हणजे 'गोव्यात स्वतःचं घर'?

मडगावकर: काल इथे एकाने लिहिलं, "टाइमशेअर घ्या, हॉटेलच्या पैशात गोव्यात स्वतःचं घर." तेव्हापासून डोकं तापलंय. एक-चौदाच्या उताऱ्यावर (आमचा गोव्याचा सातबारा) नाव लागतं त्याला घर म्हणतात हो! टाइमशेअरमध्ये मिळतो तो कंपनीच्या रिसॉर्टांत वर्षातले सात दिवस राहायचा हक्क, तोही 25 वर्षांपुरता. 2011 साली कळंगुटला रस्त्यावर कूपन खरवडायला दिलं, "बक्षीस लागलंय, जोडीने या, दीड तासाचं काम", चार तास बसवलं, आणि आम्ही मुन्नार-महाबळेश्वरच्या आशेने 3 लाख 20 हजारांवर सही करून बाहेर आलो. देखभाल खर्च तेव्हा वर्षाला 9 हजार, आता जीएसटी धरून 21 हजार, गेलात न गेलात भरायचाच. सात रात्रींवर वाटा, रात्रीला 3 हजार, त्यात मूळ रकमेचे, 25 वर्षांवर वाटून, रात्रीला 1800 घाला. अजून चहासुद्धा प्यायलेला नाही.

पर्वरीकर: आमचा 2008 पासून आहे, सासूसासरे, मुलं, सगळी दरवर्षी जातो. पैसे आधीच भरलेत म्हणून तरी घराबाहेर पडतो, नाहीतर दुकान सोडून कोण जातंय? तुम्ही कमी गर्दीचा, स्वस्तातला सीझन घेऊन गर्दीचा मे महिना मागत असाल.

मडगावकर: महागातलाच घेतलाय! मेची बुकिंग उघडते त्या दिवशी सकाळपासून फोन घेऊन बसतो, तरी "उपलब्ध नाही". आणि त्याच तारखांना तोच रिसॉर्ट बाहेरच्या साइटवर रोख पैशात मिळतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

पुणेकर: आम्हाला मिळालं होतं, वार्क्याला. पण मोपाच्या विमानतळावर उतरून तिथवरच्या टॅक्सीचे पैसे ऐकून बायको म्हणाली परत जाऊ. गोव्यातले टॅक्सीवाले लुटतात, हा छुपा खर्च कुणीच सांगत नाही.

पेडणेकर: लुटतात? मोपा उत्तरेला पेडण्यात, वार्का पार दक्षिणेला सासष्टीत, अख्खा गोवा ओलांडायचा आणि परत येताना गाडी रिकामी. माझा भाऊ टॅक्सी चालवतो, आमच्या लोकांच्या जमिनी गेल्या त्या विमानतळात. जरा तोंड सांभाळून.

पुणेकर: मग मीटर टाका की. आमच्याकडे ॲपवर भाडं आधी कळतं.

पेडणेकर: 2018 पासून गोवा माइल्सचं टॅक्सी ॲप आहे, वापरायचं होतं. पाव्हणे चार दिवस येतात, वर्षभर पोट आम्हाला भरायचंय.

पुणेकर: पाव्हण्यांवरच भरतं ना ते?

फोंड्याची सून: अहो पुरे, टॅक्सीचं भांडण वेगळीकडे घाला! टाइमशेअर घेतलेले माझे सासरे वारले, आता कंपनी थकलेली देखभाल आमच्याकडे मागतेय. एकाही वर्षी आम्ही गेलो नाही. कुणाला काही माहीत असेल तर सांगा, प्लीज.

मडगावकर: ताई, घाबरून पैसे भरू नका. आधी मूळ करार काढा, वारसांबद्दलचं कलम वाचा आणि मग लेखी उत्तर द्या. 2019 च्या ग्राहक कायद्याने आपण राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, कंपनी मुंबईची असो की चेन्नईची. मात्र दोन वर्षांची मुदत असते, उशीर नको. आणि "विकून देतो, आधी फी भरा" असा फोन आला तर ठेवून द्या, माझे त्यात 15 हजार गेले.

पर्वरीकर: विकण्याचं म्हणाल तर खरं आहे. मुलं आता कॅनडात, म्हणून निम्म्या किमतीत देतो म्हटलं, एकानेही विचारलं नाही. पण आम्ही मजा केली, ते मी खोटं म्हणणार नाही.